ताप उतरल्यावर

आई,

मला ताप येऊन गेला. तू असतीस तर एवढं ऐकून मऊ भातावर मेतकूट घातलं असतंस आणि 'उद्यापासून शाळा' असं जाहीर करून मोकळी झाली असतीस. मी मात्र मुरबाडच्या घरात खिडकीजवळच्या पलंगावर उशीला टेकून बसलोय आणि ताप उतरला या गोष्टीनंच घाबरलोय. ताप चढलेला होता तोवर मी बऱ्यापैकी शूर होतो. अंग ठणकत होतं, खोकून खोकून बरगड्या दुखत होत्या, पण अजून आपण ओळखीच्या मुलखात आहोत असं वाटत होतं. आज सकाळी कपाळ गार लागलं, घामानं गंजीफ्रॉक भिजला, बायको म्हणाली, "चला, सुटलात एकदाचे." तुझाही ताप असाच उतरला होता.

यंदा पावसाळ्यात इकडे एका नव्या तापाची साथ आहे. त्याला डुकराचं नाव दिलंय. वराहानं एकदा पृथ्वी बुडताना वर काढली, आता हिशेब पुरा करायला आलाय, असं मी शिक्षकखोलीत म्हणालो. कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या तोंडाला रुमाल बांधलेले होते, त्यामुळे हसले असतील तरी मला कळायला मार्ग नव्हता. मग शाळेला सुट्टी दिली आणि सुट्टी लागल्याबरोबर मला ताप आला. शिक्षकाचं शरीर किती आज्ञाधारक असतं ते तुला ठाऊकच आहे. बाजारातले डॉक्टर म्हणाले, "सर, साधा असेल नायतर तो असेल. दोन्हीला तुमचं काम एकच, घरात पडून राहायचं. धाप लागली तर लगेच या." मी विचारलं, "आणि डोक्याचं काय?" ते म्हणाले, "डोक्याला कसलं टेन्शन घेता?" आता त्यांना काय सांगू? त्यांनी तुला पाहिलेलं नाही.

आपल्या घरात थर्मामीटर नव्हता असं नाही. तो कपाटात कापसात गुंडाळून, मोडायला नको म्हणून ठेवलेल्या दागिन्यासारखा होता. पण तुझा भरवसा निराळ्याच उपकरणावर. घरात कुणी तापलं की तू उशाशी बसायचीस, केसांतून बोटं फिरवायचीस आणि सुरुवात करून द्यायचीस: "देवः देवौ—" पुढचं तापलेल्यानं म्हणायचं. देवाः. मग देवम्, देवौ, देवान्. ओठ सुकलेले असोत, डोळे मिटलेले असोत, 'देव' हा शब्द सगळ्या विभक्त्यांतून चालवत चालवत एकदाचा संबोधनापर्यंत नेऊन पोहोचवला, की तू गुडघ्यावर हात ठेवून उठायचीस आणि निकाल सांगायचीस: "ताप डोक्यात गेलेला नाही." विसर्ग डळमळला तर मात्र ओल्या घड्या बदलायच्या, डॉक्टरांना बोलवायचं. बाबा सरकारी कचेरीतले कारकून, संस्कृताशी त्यांचा संबंध लग्नातल्या मंगलाष्टकांपुरता. पण संसाराच्या ओघात त्यांनाही ते पाठ झालं होतं. एरवी देवळाची पायरी न चढणारा माणूस, घरात कुणी तापलं की तेवढा देव चालवायला बसायचा.

आणि गंमत बघ, शाळेत तू याच्या अगदी उलट होतीस. शहापूरच्या त्या वर्गात भातशेतीवाल्या घरांतली मुलं घरी 'नाय' आणि 'आमी' म्हणत यायची आणि तुझ्यासमोर विसर्ग असे फुंकायची की पुढच्या बाकावरची वही फडफडावी. तुला त्याचं कौतुक होतं, पण मार्क नव्हते. एक मुलगी उभी राहून सगळा शब्द धडाधडा म्हणून दाखवते, शाबासकीची वाट बघते, आणि तू खुर्चीतून म्हणतेस, "पाठ झालंय. आता याचं वाक्य कर."

"बाई, पुस्तकातलं सांगू?"

"पुस्तकातलं पुस्तकाला येतं. तुझं सांग. आजचं सांग."

ती मुलगी छताकडे बघते, वर्ग खाली बघतो, आणि मी, मास्तरणीचा मुलगा, खिडकीबाहेर बघतो. एकदा मी चलाखी केली. पुस्तकातलंच वाक्य, फक्त राजाच्या जागी शेतकरी घालून, फळ्यावर लिहिलं. तू उठलीस, डस्टर हाताशी असताना तळव्यानं ते पुसलंस आणि म्हणालीस, "शिळं आहे." सगळ्या वर्गासमोर. मला इतका राग आला की मी खडू दाबून लिहिलं, 'माता सर्वदा क्रुद्धा.' वर्ग गडगडला. तू शांतपणे पूर्ण मार्क दिलेस, संध्याकाळी घरी एक शब्द बोलली नाहीस, आणि ताटात मात्र न मागता गरम घावन येत राहिले. तुझं वाक्य करण्याची पद्धत ती.

आता त्या दिवसाचं लिहायला हवं. मी दोन परिच्छेद त्याच्याभोवती फिरतोय हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

कापणी-झोडणी संपलेली, गावभर पेंढ्याचा भुसा हवेत, सकाळी सापगावच्या बाजूनं नदीवरचा बोचरा वारा, आणि अख्खं शहापूर खोकतंय. सर्दी-ताप घरोघर फिरून आपल्याकडेही आला आणि तुला धरलं. तू रजा घेतलीस, म्हणजे घ्यावी लागली. अंथरुणात बसून सहामाहीचे पेपर तपासत होतीस. मग ताप उतरला. थोडा खोकला राहिला, तोंडाला चव नव्हती, बाकी तू होतीस तशी झालीस. मी तेव्हा मुरबाडला नुकताच नोकरीला लागलेलो, त्या रविवारी एस.टी.नं घरी आलो होतो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून तुला वर्गातल्या गमती सांगतोय. तू पाठमोरी, शेगडीवर दूध. तू मागे न बघता म्हणतेस, "अरे, पुस्तक उतू चाललंय, बघ."

मी हसलो. "कितवा धडा?"

तू वळलीस आणि माझ्याकडे पाहिलंस, वर्गातल्या मठ्ठ पोराकडे बघावं तसं. "पुस्तक!" जरा मोठ्यानं. दूध शेगडीवरून ओघळायला लागलं. सांडशी घ्यायला तू उजवा हात पुढे केलास, आणि तो हात सांडशीच्या शेजारी, नुसत्या हवेवर मिटला. काहीतरी धरल्यासारखा. तो मिटलेला हात तू माझ्यापुढे धरलास. मग भिंतीला टेकून हळूहळू खाली बसलीस.

बाबा धावत आले. शेजारची वहिनी आली. ती तुझीच विद्यार्थिनी, लग्न होऊन शेजारी आलेली, हात पिठानं भरलेले. "काय झालं गो बाईंना?" कुणी म्हणालं चक्कर, कुणी म्हणालं अशक्तपणा. बाबांनी तुझ्यापुढे बसकण मारली, तुझा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि त्या माणसाला जे एकच करता येत होतं ते केलं. "देवः देवौ—" म्हणाले.

आणि तू ते उचललंस. देवाः. देवम् देवौ देवान्. देवेन देवाभ्याम् देवैः. एकदाही न अडखळता, विसर्ग जागच्या जागी, षष्ठीला नेहमी घ्यायचीस तो छोटासा श्वाससुद्धा घेतलास. 'हे देव'पर्यंत गेलीस. पिठाचा हात तोंडावर ठेवून वहिनी म्हणाली, "एक पन चुकला नाय! वर्गात घ्यायच्या तस्संच. काय नाय झालं बाईंना, ताप येऊन गेल्याची कनकन हाय." बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते म्हणाले, "डोक्यात गेलेला नाही." मीही तेच म्हणालो. तुझीच परीक्षा, तुझेच विद्यार्थी, आणि तू पैकीच्या पैकी मार्कांनी उत्तीर्ण. आम्ही तुला पलंगावर निजवलं, शेगडीवरचं दूध पुसलं, आणि जेवलो.

दुपार कलल्यावर तू जागी झालीस आणि बोलायला लागलीस. आई, ते बोलणं मी कुणाला करून दाखवू शकत नाही, पण ते मला आजही ऐकू येतं. लांबलचक वाक्यं, तुझे चढ-उतार, क्रियापदाआधी थांबायची तुझी लकब, शेवटी प्रश्नाचा सूर. आणि त्यात शब्द एकही नाही. शेजारच्या घरातून भिंतीपलीकडून मराठी ऐकू यावं, सूर कळावा आणि शब्द कळू नयेत, तसं. फक्त तू माझ्यापासून हातभर अंतरावर होतीस आणि माझ्याकडे उत्तर मागत होतीस. मी "काय?" म्हणालो. तू पुन्हा सांगितलंस. पुन्हा "काय?" म्हणालो. तुझ्या कपाळावर ती आठी आली, वर्गातली.

वहिनीच्या नवऱ्याच्या जीपमधून तुला ठाण्याला नेलं. हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी खिशातलं पेन तुझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "बाई, हे काय आहे?" तू त्यांना सविस्तर उत्तर दिलंस. त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले आणि तुला तसंच करायला सांगितलं; डावा वर राहिला, उजवा हळूहळू उतरत गेला, जणू त्याला वर राहण्यात रस उरला नव्हता. मग त्यांनी आमच्याकडे वळून विचारलं, "इतक्यात सर्दी-ताप झाला होता?"

बाबा म्हणाले, "होऊन गेला. बरी झाली होती."

"अशा तापानंतर काही दिवस रक्त गोठायला बघतं. सगळ्यांचं नाही, पण काहींचं. मेंदूच्या शिरेत गुठळी अडकली आहे. सकाळी बोलत होत्या का?"

"हो तर!" बाबांच्या आवाजात अभिमान होता, तो मला अजून टोचतो. "अगदी स्वच्छ. सगळ्या विभक्त्या."

डॉक्टरांना कळलं नाही. मी समजावून सांगितलं. त्यांनी पेन खिशात ठेवलं. "हे त्यांना पाठ होतं ना? लहानपणापासून?" मी हो म्हणालो. "पाठ असलेलं वेगळ्या वाटेनं येतं. पाढे, प्रार्थना, शिव्या, गाणी. बोलणं गेलं तरी ते राहू शकतं. त्यांना काहीतरी नवीन विचारायला हवं होतं. काहीतरी जे त्यांना स्वतः जुळवून सांगावं लागलं असतं." लवकर आणलं असतं तर, असं बाबा पुटपुटले. डॉक्टर म्हणाले, "ते आता सांगता येणार नाही." माणूस भला होता, खोटं बोलला नाही आणि खरंही बोलला नाही.

आजचं सांग, तुझं सांग. वर्षानुवर्षं तू हेच तर सांगत आली होतीस. त्या स्वयंपाकघरात तुझे दोन विद्यार्थी आणि एक नवरा उभे होते, आणि तिघांपैकी एकालाही तुला 'वाक्य कर' म्हणायचं सुचलं नाही. तूही कधी तापलेल्याला वाक्य करायला लावलं नव्हतंस म्हणा. आजाऱ्याला कशाला त्रास, असा तुझा विचार असणार. शाळेतली बाई घरी येऊन आई व्हायची, आणि आईनं पाठांतरावर समाधान मानलं.

पुढची दोन-तीन वर्षं तू होतीस. चालायला लागलीस, डाव्या हातानं जेवायला शिकलीस. शब्द मात्र आले नाहीत. मीठ हवं असलं तर तू खूप वेळ काहीतरी सांगायचीस आणि आम्ही एकेक डबा पुढे करायचो. बाबांनी "देवः देवौ—" म्हटलं की मात्र झरा सुटायचा. ते गावभर झालं. बाईंची सगळी भाषा गेली पण देववाणी राहिली, असं लोक म्हणायला लागले. सापगावहून, पार आडगावांतून जुने विद्यार्थी बायका-मुलांना घेऊन यायचे, पाया पडायचे, कुणी कुणी नारळ ठेवायचे. बाबा सुरुवात करून द्यायचे, तू म्हणायचीस, मंडळी हात जोडून ऐकायची. तुझा फुकटात सत्पुरुष झाला होता, आई. तुला कळलं असतं तर तू नारळासकट सगळ्यांना वर्गाबाहेर उभं केलं असतंस. ऐकून झालं की तू त्यांच्याशी बोलायचीस, ते विनाशब्दांचं, आणि उत्तराची वाट बघायचीस. उत्तर आलं नाही की ती आठी. कारण तुझ्या मते तू नीटच बोलत होतीस. आम्हीच ढ होतो. अशा काही रोग्यांना स्वतःची चूक ऐकू येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मला सगळ्यांत जास्त भीती वाटते ती याची. हात पडला तर दिसतो. भाषा गेली तर ज्याची गेली त्यालाच कळत नाही.

तू गेल्यावर बाबा माझ्याकडे मुरबाडला आले. माझं लग्न झालं, तुझी सून टोकावड्याची. तिला बाबांनी तुझी गोष्ट सांगितली ती गावात चालायची तशीच: शेवटपर्यंत वाणी शुद्ध. मी त्यांना कधी खोडून काढलं नाही. त्यांच्यापाशी तेवढंच शिल्लक होतं. सूनबाईला पहिल्यांदा ताप आला तेव्हा सासरेबुवा उशाशी जाऊन बसले आणि देवः देवौ म्हणाले. ती म्हणाली, "बाबा, माझं संस्कृत नव्हतं वो, हिंदी होतं." सासऱ्यांनी मांडी बदलली. मग म्हणाले, "बरं, मग तुझं काय पाठ आहे?" तिनं माहेरच्या रस्त्याचे थांबे म्हणून दाखवले. मुरबाड, सरळगाव, टोकावडे, वैशाखरे, मोरोशी, माळशेज. परत उलटे. बाबांनी निकाल दिला, ताप डोक्यात गेलेला नाही. तेव्हापासून आमच्या घरात दोन परीक्षा मंडळं होती. बाबाही गेले, त्यालाही आता बराच काळ झाला.

तर आजची गोष्ट. सकाळी कपाळ गार लागल्यापासून मी स्वतःवर पहारा ठेवून आहे. बायको आत गेली की स्टीलच्या ताटलीत बघून हसतो, तोंड दोन्हीकडे सारखं ताणलं जातंय ना ते बघतो. दोन्ही हात वर करून धरतो. एकदा ती पेज घेऊन आली आणि मी दोन्ही हात वर करून, ताटली मांडीवर, एकटाच दात विचकतोय. "काय चाललंय?" म्हणाली, "कुनाला शरण गेलात?" मी म्हणालो, व्यायाम. "एवढे दिवस नाय सुचला तो!" म्हणून पेज ठेवून गेली.

दुपारी तिनं मऊ भात दिला. मीठ कमी होतं. मी म्हणालो, "जरा खडू दे गं."

ती खो-खो हसली. "शाळा बंद हाय वो, सर!" आणि माझ्या हातातला घास तसाच राहिला. तीस-पस्तीस वर्षं खडूत घालवलेल्या माणसाची जीभ मिठाऐवजी खडूवर घसरली, यात काय मोठं, असं तू म्हणशील. मीही मला तेच सांगितलं. पण माझ्या कानात दूध उतू जात होतं. माझा चेहरा बघून ती हसायची थांबली, ताट बाजूला सारलं, माझ्या कपाळाला हात लावला आणि बाबांच्या गादीवर बसल्यासारखी म्हणाली, "देवः देवौ—"

आई, मी ठरवायच्या आत माझ्या तोंडातून ते सुटलं. देवाः. देवम् देवौ देवान्. मी थांबायचा प्रयत्न केला, थांबता येईना; उतारावर सुटलेल्या बैलगाडीसारखं ते संबोधनापर्यंत गेलं आणि तिथेच उभं राहिलं. बिनचूक. एक विसर्ग चुकला असता तर मला किती बरं वाटलं असतं! बायको समाधानानं उठली. "ठीक हाय. उगा घाबरवता." आणि भांडी घासायला गेली. मागच्या मोरीतून भांड्यांचा आवाज येतोय, ती गुणगुणतेय, आणि मी इथे गार पडलोय. उजव्या हाताला मुंग्या आल्यात. त्या हातावर मी मघाशी रेलून बसलो होतो, हेही खरं आहे. शेजारच्या जीपवाल्याला खिडकीतून विचारून ठेवलं, "आज घरी आहेस ना?" म्हणाला, "हाय ना सर. काय पेशंट?" मी म्हणालो, "अजून नाही."

मग मला तुझी खुर्ची आठवली. वाक्य कर. तुझं कर, आजचं कर. म्हणून हे पत्र. 'देव' मला पाठ आहे, धडे पाठ आहेत, वर्गात मी जे बोलतो त्यातलं निम्मं पाठ आहे, बायकोशी भांडतो तेही आता बहुतेक पाठच झालंय. पाठ नाही असं माझ्यापाशी एकच उरलं होतं: त्या रविवारचं सगळं. ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, त्यामुळे त्याची वाक्यं तयार नव्हती. एकेक जुळवावं लागलं. हात चालतोय. अक्षर जरा तिरकं आहे, पण ते तू असतानाही तिरकंच होतं. मला तरी वाटतंय की सगळं नीट लिहिलंय. आणि इथेच अडतं सगळं, कारण तुलाही तसंच वाटत होतं. मी हे वर जाऊन पुन्हा वाचून बघितलं तरी उपयोग नाही. ढ मुलानं स्वतःचाच पेपर तपासल्यासारखं होईल. दुसऱ्या कुणाला तरी द्यायला हवं. घरात दुसरं कोण आहे ते उघड आहे. मी तिला हाक मारतो.

खालचं नंतर लिहितोय.

ती हात पुसत आली, चष्मा शोधला, पलंगाच्या कडेला बसली. "कुनाला लिवलंय?" मी म्हणालो, वाच. ती मनात वाचायला लागली. आई, तुझ्या वर्गात तोंडी परीक्षेला उभा असताना मी घाबरलोय, एस.एस.सी.च्या निकालाला घाबरलोय, पण त्या पानावरून सरकणाऱ्या तिच्या डोळ्यांना मी जसा घाबरलो तसा कशालाच नाही. ती पहिल्या पानावर हसली नाही. वराहाच्या विनोदालाही नाही, पण तो शिक्षकखोलीतही पडलाच होता. मग तिच्या कपाळावर आठी आली. ती आठी बघून मी उशीचा कोपरा घट्ट धरला. तिला काही लागत नाहीये, तिला नुसत्या ओळी दिसताहेत आणि नवऱ्याला कसं सांगावं ते कळत नाहीये, असंच मला वाटलं. तिनं पान उलटलं. आणखी एक. मग कागद मांडीवर ठेवले, चष्मा काढला.

"म्हंजे बाबांना ठाऊक होतं?" ती म्हणाली. "ठान्याला डॉक्टरनी त्यांच्यासमोर सांगितलं? देव म्हनून काय कळत नाय म्हनून?"

"हो."

"आन तरी माझ्याकडून थांबे म्हनवून घ्यायचे?"

"हो."

तिनं पदरानं डोळे पुसले. मला रडावंसं वाटलं आणि त्याच वेळी, खरं सांगतो, आनंदानं ओरडावंसं वाटलं; कारण तिला कळलं होतं. शब्द न् शब्द लागला होता. मग तिच्या एकदम ध्यानात आलं आणि ती माझ्यावरच उलटली. "म्हंजे माझा मघाचा देव फुकट?"

"फुकट."

"मग तवाच तोंड का नाय उघडलंत? पानंच्या पानं लिवत बसले! बोला. कायतरी नवीन बोला."

अशा वेळी माणसाला काही सुचतं का? मी म्हणालो, "आज तुझ्या भातात मीठ नव्हतं."

"मुद्दाम नव्हतं. म्हटलं, वरून खडू घ्याल." असं म्हणून ती हसली. उठली, कपाटातून चांगली साडी काढली. "कल्यानला जायचं. लिवलंय ते कळतंय मला, पर हाताच्या मुंग्या मला कळत नाय. मशीनला कळतील." आणि खिडकीतून जीपवाल्याला ओरडली, "वो दादा, गाडी काढा, पेशंट झाला!"

ती आतल्या खोलीत तयार होतेय. जीप सुरू झाल्याचा आवाज येतोय. हे कागद मी कुठे पाठवणार? उशीच्या अभ्र्यात सारून ठेवतोय. निघण्याआधी एक सांगायचं राहिलं. ती साडी नेसायला गेली आणि मी एकटा उरलो, तेव्हा मी मनातल्या मनात पुन्हा 'देव' चालवला. पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यानं काही सिद्ध होत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तरी चालवला. आई, मला तो कधी माझ्या आवाजात येत नाही. तुझ्याच आवाजात येतो, षष्ठीच्या आधीच्या त्या श्वासासकट.